इडलीचं पीठ, भाजणी आणि पाकीट

गहू गिरणीतून दळून आणायचा, मिरच्या डंखावर कांडून आणायच्या, पापड महिला मंडळाकडून घ्यायचे आणि वर म्हणायचं की आमच्याकडे सगळं घरचं असतं. यात खोटं काही नाही. स्वयंपाकातली काही कामं बाहेर देण्याची आपल्याला जुनी सवय आहे. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. गिट्स कंपनी पुण्यात सुरू झाली ती १९६३ साली. म्हणजे आयतं घेण्याला साठ वर्षं उलटून गेली. तेव्हा ‘घरचं चांगलं की विकतचं’ हा वाद आज घालत बसणार नाही. एकेक पदार्थ घेऊन पाहू, त्यातली कुठली पायरी बाहेर दिली तर काही बिघडत नाही आणि कुठली दिली की पदार्थच हातचा जातो.

इडलीच्या पिठापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्याबद्दलच येतात.

प्रमाण तीनास एक: ६०० ग्रॅम उकडा किंवा इडलीचा तांदूळ, २०० ग्रॅम अख्खी सोललेली उडीद डाळ, एक छोटा चमचा मेथी. डाळ आणि मेथी एकत्र, तांदूळ वेगळा भिजवायचा. डाळीला चार तास पुरतात. रात्रभर भिजवलेली डाळ वाटताना हवी तशी फुगत नाही. आधी डाळ वाटायची, फ्रिजमधलं गार पाणी थोडंथोडं घालत. इथे बहुतेकांचं चुकतं. मिक्सरचं भांडं तापतं, पीठ हाताला कोमट लागायला लागतं आणि डाळीचा हलकेपणा जातो. म्हणून मिक्सर असेल तर दोन-तीन बर्फाचे खडे टाका आणि मिनिटभर फिरवून मिनिटभर थांबा. डाळ झाली की नाही ते बघायला वाटीभर पाण्यात पिठाचा थेंब सोडा. तरंगला तर झाली, बुडाला तर अजून वाटा. तांदूळ मात्र बारीक रव्यासारखा खरखरीत राहू द्यायचा. तो गंधासारखा वाटला की इडली चिकट होते.

दोन्ही एकत्र करून हाताने कालवायचं. सगळं मिळून पावणेदोन ते दोन किलो पीठ होतं, चाळीसच्या आसपास इडल्या. मीठ साधारण २० ग्रॅम, म्हणजे साडेतीन-चार छोटे चमचे. मुंबईच्या मे महिन्यात मीठ आधीच घाला, आंबण्याचा वेग जरा आवरतो. पुण्याच्या डिसेंबरात पीठ फुगल्यावर घाला. हे पीठ आंबवणारे जिवाणू उडदाबरोबरच येतात. त्यात प्रमुख ल्युकोनोस्टॉक. त्यामुळे दही, सोडा, यीस्ट यातलं काहीही लागत नाही. त्यांना ३० अंशांच्या आसपासची ऊब मिळाली की आठ-दहा तासांत पीठ दुप्पट होतं. ओट्यावर १५ अंश असताना आठ तासांनी झाकण उघडून ‘पीठ बिघडलं’ म्हणू नका. त्याला अजून सहा-आठ तास द्या, किंवा बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. भांडं निम्मंच भरलेलं असावं.

फुगलेलं पीठ पळीने ढवळून काढलं की आत धरलेली हवा निघून जाते. कडेने अलगद उचलायचं. वाफ दहा ते बारा मिनिटं, कुकर असेल तर शिट्टी काढून. मग तीन मिनिटं थांबून इडल्या सोडवायच्या. बसकी आणि दडस इडली झाली तर डाळ कमी पडली किंवा नीट फुलली नाही. मधे खड्डा पडून पसरली तर पाणी जास्त झालं. आंबट आणि बसकी झाली तर पीठ फुगून पुन्हा खाली बसलं होतं, म्हणजे तुम्ही उशीर केलात.

आता पाकिटातलं पीठ. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि ते पाणी थंड ठेवून गाडीने आणावं लागतं. किलोच्या पाकिटात धान्य जेमतेम ४००-४५० ग्रॅम. तुमच्या दुकानातल्या तांदूळ-उडदाच्या भावाने हिशोब मांडा, फरक लगेच दिसेल. तरीही दोन माणसांच्या घरात मी पाकीटच घ्या म्हणेन. दोन किलो पीठ करायचं, चार दिवस तेच खायचं आणि शेवटचं अर्धा किलो आंबट म्हणून टाकायचं, यात बचत कुठे आहे? चार-पाच माणसं असतील आणि घरात वेट ग्राइंडर असेल तर मात्र पाकिटाचं काही कारण उरत नाही. प्रत्यक्ष हाताचं काम अर्ध्या तासाचं आहे, त्यातली दहा मिनिटं भांडी धुण्याची.

पाकीट घेताना तारीख बघा आणि हाताने दाबून बघा. टम्म फुगलेलं पाकीट विषारीच असतं असं नाही, पण ते वाटेत कुठेतरी गार राहिलेलं नाही आणि आंबट निघणार हे धरून चला. फ्रिजमधून काढलेलं पीठ लगेच साच्यात घालू नका. थंड पीठ मधे कच्चं राहतं. घट्ट आणि न फुगलेलं वाटलं तर दोन-तीन तास बाहेर ठेवा. कोरडं इडली मिक्स हा वेगळाच पदार्थ आहे. त्यात आंबवणं नसतंच. सोडा आणि सायट्रिक ॲसिड पाणी लागताच फसफसतात. म्हणून ते भिजवून ठेवायचं नसतं, भिजवलं की पाकिटावर लिहिलेल्या वेळात साच्यात गेलं पाहिजे.

भाजणीचं गणित याच्या उलट आहे. थालीपिठाच्या भाजणीला अर्धा किलो ज्वारी, अर्धा किलो बाजरी, तांदूळ, गहू आणि हरभरा डाळ प्रत्येकी पाव किलो, उडीद १२५ ग्रॅम, धने १०० आणि जिरे २५ ग्रॅम. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजायचं. एकत्र भाजलं तर जिरं जळेपर्यंत हरभरा डाळ कच्चीच राहते. बाजरी तडतडायला लागली, उडीद गुलाबी होऊन वास सुटला, तांदूळ पांढराशुभ्र होऊन फुलू लागला की उतरवायचं. धने-जिरे सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून तापलेल्या कढईत. बाजरीत स्निग्धांश इतर धान्यांपेक्षा जास्त असतो, म्हणून कच्च्या बाजरीचं पीठ पंधरवड्यातच कडवट होतं. भाजल्याने ते कडू करणारी विकरं (एन्झाइम) निकामी होतात आणि भाजणी दोन-अडीच महिने टिकते. भाजलेलं धान्य पूर्ण गार करूनच डब्यात भरा. आणि गिरणीतून गरम आलेलं पीठ परातीत पसरून निववल्याशिवाय झाकण लावू नका. आत घाम धरला की गुठळ्या होतात, खवट वास येतो आणि मग दोष धान्याला दिला जातो.

पण एवढं सगळं करून हातात येतं ते कोरडं पीठच. चांगल्या दुकानातली भाजणीही कोरडं पीठच असते. त्यात रसायन घालायची गरज नसते, वाटेत गार ठेवावी लागत नाही. म्हणून भाजणी विकत घेतली तर कमीपणा मानू नका. फक्त पाकिटावरची घटकांची यादी वाचा. वजनाने सगळ्यात जास्त असलेला घटक पहिला लिहायचा, असा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. गहू किंवा तांदूळ पहिला असेल तर ती स्वस्तातली भाजणी. ज्वारी-बाजरी पुढे असेल तर घ्या.

आलं-लसूण पेस्टबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे घरच्यापेक्षा विकतची जास्त सुरक्षित ठरू शकते. लसूण जमिनीतून येतो, त्याच्यावर क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली हवा नसते, ओलावा असतो, आंबटपणा नसतो. बाहेरच्या तापमानाला हा जिवाणू अशाच जागी विष तयार करतो आणि त्या विषाला ना वास ना चव. वाटलेला लसूण बरणीत भरून वर तेलाचा थर देऊन ओट्यावर ठेवायची पद्धत पुष्कळ घरांत आहे, ती बंद करा. विकतच्या पेस्टमध्ये सायट्रिक किंवा ॲसेटिक ॲसिड आणि मीठ याचसाठी असतं. त्या आंबटपणामुळेच तिची चव बोचते आणि लसणाचा खरा वास दबतो. घरी करायची तर सोललेलं आलं आणि लसूण समान वजनाने, पाणी न घालता वाटा. चार दिवसांपुरतं फ्रिजमध्ये, बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून पिशवीत भरा. एक खडा म्हणजे साधारण मोठा चमचाभर. गोठवलेली तीन महिने चालते. पेस्ट हिरवट झाली तर घाबरू नका, लसणातल्या गंधकयुक्त संयुगांमुळे तसं होतं आणि ती खाता येते. विकतची वापरताना भाजीतलं मीठ हात आखडूनच घाला.

पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणायच्या आणि भाजी-आमटी घरी करायची, ही शहरातली विभागणी मला शहाणपणाची वाटते. भाजीतलं तेल-मीठ आपल्या हातात राहतं. फक्त गरम पोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात ते टाळा. डबा आणि सुती फडकं घेऊन जा. उरलेल्या पोळ्या फ्रिजमध्ये ठेवू नका. चार-पाच अंशांना पिठातला स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो, म्हणून फ्रिजमधली पोळी ओट्यावरच्या पोळीपेक्षा आधी वातड होते. दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवायच्या असतील तर थेट फ्रीझरमध्ये, आणि काढल्यावर तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा सेकंद. जास्त ठेवल्या की पापड होतो.

नारळाचं दूध खोक्यातलं घ्यावं का? कुर्म्याला, पुलावाला खुशाल घ्या. ते फाटू नये म्हणून त्यात स्थिर करणारे घटक घातलेले असतात, त्यामुळे उकळलं तरी टिकतं. घरचं मात्र उकळी फुटली की फाटतं. सोलकढी शिजवायची नसते आणि खोक्यातल्या दुधाला शिजल्याची चव असते, तिथे ताजा नारळच. गोठवलेले मटार बिनधास्त घ्या, न वितळवता थेट फोडणीत टाका. चिरलेली मेथी आणि कोबी त्याच दिवशी संपवणार असाल तरच.

राहता राहिली तयार राजमा आणि दाल माखनीची चंदेरी पाकिटं. ‘यात प्रिझर्व्हेटिव्ह असणारच’ असं सगळे गृहीत धरतात. बहुतेक वेळा नसतं. भाजी पाकिटात भरून, सील करून, दाबाखाली सुमारे १२१ अंशांना तापवतात. जंतूच उरत नाहीत, म्हणून ती फ्रिजविना महिनोन्‌महिने टिकतात. प्रश्न मिठाचा आणि तेलाचा आहे. समजा १०० ग्रॅममध्ये ५०० मिलिग्रॅम सोडियम आणि पाकीट ३०० ग्रॅमचं. म्हणजे १५०० मिलिग्रॅम सोडियम. अडीचने गुणा, पावणेचार ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. एकट्याने अख्खं पाकीट संपवलंत तर उरलेल्या दिवसाला सव्वा ग्रॅम. प्रवासाला, परगावी हॉस्टेलवर ही पाकिटं कामाची आहेत. घरी रोज नकोत. आणि आणलंच तर त्यात वाटीभर शिजवलेला बिनमिठाचा राजमा घालून दोघांत वाटा, ग्रेव्ही पुरते.

शेवटी एक चिठ्ठी आली आहे: इडलीचं पीठ फारच आंबलं तर काय करायचं? इडली करू नका. मूठभर रवा, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची घालून उत्तपे करा, आंबटपणा झाकला जातो. पण पिठावर गुलाबी, नारिंगी किंवा काळे ठिपके दिसले, तर वरचं काढून खालचं वापरायच्या भानगडीत न पडता सगळं टाकून द्या आणि ते भांडं उकळत्या पाण्याने धुवा.