शेंगाचं काम

(पडद्यावर: स्वयंपाकघर, रात्र. फ्रिजवर ठेवलेल्या मोबाईलचं शूटिंग, जरा तिरकं.)

ओट्यापाशी कोथिंबीर निवडत उभी आहे ती मी. आणि हे शूटिंग काही या व्हिडिओसाठी केलेलं नव्हतं बरं का. मैत्रिणीने फ्रिजवर मोबाईल लावून ठेवला होता, रोज संध्याकाळी, पंधरा दिवस, कारण मला येणारा पॅनिक अटॅक ओळखायला कुत्र्याला शिकवायचं होतं, आणि आमच्या कुत्र्यांच्या ट्रेनर सरांनी पहिल्याच रविवारी एक प्रश्न विचारला आणि मला उत्तरच देता आलं नाही. अटॅक यायच्या आधी तुम्ही काय करता? मी म्हटलं काहीच नाही, एकदम येतो. ते म्हणाले, एकदम काही येत नसतं, बघा जरा.

आता माझा उजवा हात बघा. नखं डाव्या हातावर चाललीयेत, मनगटापासून कोपरापर्यंत, वर खाली वर खाली. डास नाही, पुरळ नाही, काही नाही. घड्याळात नऊ बत्तीस. नऊ एकेचाळीसला मी फरशीवर बसलेली आहे आणि श्वास पुरत नाहीये. म्हणजे नऊ मिनिटं हातात होती, आणि मला पत्ताच नाही. आईला दाखवलं तर म्हणे मला माहितीये की, तू ॲक्सिडेंटनंतर असंच करतेस. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, तू विचारलंस कुठे.

ॲक्सिडेंट नवले पुलाच्या उतारावर झाला होता, त्याबद्दल इथे फार सांगणार नाही. हाड जुळलं, बाकीचं राहिलं. डॉक्टर मॅडम त्याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनात राहून गेलेला त्रास, आणि सोबत पॅनिक अटॅक, गोळ्या चालू आहेत, थेरपी चालू आहे, आणि हे आधीच सांगून ठेवते की कुत्रं आलं म्हणून यातलं काहीही बंद झालेलं नाही.

(पर्वती पायथ्याची गल्ली. शेंगा चालतीये, शेपटी वर.)

ही शेंगा. पक्की गावठी, हल्ली इंडी म्हणतात. एका पार्क केलेल्या ॲक्टिव्हाखाली सापडली तेव्हा दोन-अडीच महिन्यांची असेल, रंग भाजलेल्या शेंगेच्या टरफलाचा म्हणून शेंगा. आता वजन सतरा किलो. हिच्याआधी एक बंड्या होता, त्यालाच शिकवायचं ठरवलेलं, पण बंड्याला स्कूटरचा आवाज सहन होत नाही आणि पुण्यात स्कूटरचा आवाज सहन न होणारं कुत्रं कामाला कसं न्यायचं. सहा महिने प्रयत्न केला. शेवटी सर म्हणाले याला सोडा, हा घरात सुखी आहे. याला ट्रेनर लोकांचा शब्द वॉशआउट, म्हणजे नापास, आणि मी त्या दिवशी दहावीत नापास झाल्यासारखी रडले. बंड्या मागे सोफ्यावर दिसतोय तो, मस्त आहे एकदम.

लोकांना वाटतं कुत्रं जवळ असलं की बरं वाटतं, म्हणजे तेच सर्व्हिस डॉग. बरं वाटतंच की, बंड्याजवळ पण वाटतं. पण अमेरिकेत जो १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे, एडीए, त्याच्या नियमांत सर्व्हिस डॉग म्हणजे मालकाच्या आजाराशी संबंधित ठरावीक काम शिकवलेलं कुत्रं, आणि नुसत्या सोबतीने धीर देणारं कुत्रं त्यात बसत नाही. तिथे दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो, हे कुत्रं आजारासाठी लागतं का आणि याला काय काम शिकवलंय. सर्टिफिकेट मागता येत नाही. आणि स्वतःचं कुत्रं स्वतः शिकवलेलं तिथे चालतं, मला तर हे वाचूनच हुरूप आला होता, कारण तयार कुत्रं विकत घेण्याची माझी ऐपत नव्हती.

आपल्याकडे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यात मानसिक आजार आहे. पण मानसिक आजारासाठी शिकवलेल्या कुत्र्याला हॉटेलात, दुकानात नेता येईल असा वेगळा कायदा नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सोसायट्यांसाठी आहेत, की पाळीव कुत्र्यावर बंदी घालू नका, लिफ्ट वापरू द्या. त्याची प्रिंट मी फाइलमध्ये ठेवते, महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं कार्डही त्यातच. आणि एक गंमत, मी सुरुवातीला ऑनलाईन एक लाल जॅकेट मागवलं होतं, साडेसातशे रुपये, पाठीवर मोठ्या अक्षरात सर्व्हिस डॉग, सोबत गळ्यात घालायचं ओळखपत्र फुकट. ओळखपत्र! कुणी दिलं, कशावरून दिलं, शेंगाला तेव्हा बस म्हटलं तर ती आडवी व्हायची. एफसी रोडच्या एका कॅफेत ते घालून गेले, त्यांनी नाही म्हटलं, आणि खरं सांगू का, तेव्हा त्यांचं बरोबर होतं. ते जॅकेट आता बंड्या पावसाळ्यात घालतो.

(घर. शेंगा समोर बसलेली. जमिनीवर वाटी, वाटीत पनीरचे तुकडे.)

तर शिकवायचं कसं. पहिलं काम, मी खाजवायला लागले की नाक लावून मला सावध करायचं. त्याची सुरुवात टच. तळहात पुढे केला की नाक लावायचं. नाक लागलं त्याच क्षणी मी येस म्हणते आणि पनीर देते, येस उशिरा म्हटलं की गडबड, कारण तिला वाटतं नाक काढल्याचे पैसे मिळाले. हे दोन दिवसात जमलं. मग हात मांडीवर ठेवून टच, मग हात नाहीच, नुसती मांडी.

मग खरी मेख. मी हात खाजवायला लागायचं, एक सेकंद थांबायचं, मग म्हणायचं टच. नवी खूण आधी, जुना शब्द नंतर, हा क्रम उलटा झाला की महिनाभर केलं तरी काही उपयोग नाही, कारण शब्द आधी मिळाला तर ती खाजवण्याकडे बघेलच कशाला. माझा आठवडाभर उलटाच चालला होता, व्हिडिओ बघून सर हसले. क्रम सुधारल्यावर एका बुधवारी मी नख लावलं आणि शब्द तोंडातून निघायच्या आधी मांडीवर ओलं नाक. मी येस म्हणायलाच विसरले.

त्यानंतर मी मुद्दाम दुर्लक्ष करायला लागले. एकदा नाक लावलं, मी बघितलं नाही. दुसऱ्यांदा ढोसलं, तरी नाही. तिसऱ्यांदा पंजा मारला, त्यावर तीन तुकडे. कारण खऱ्या वेळेला मी पहिल्या नाकाला दाद देण्याच्या अवस्थेत नसतेच, तिने चिकाटी धरायला हवी. आणि हे सगळं नाटक करून शिकवायचं, खऱ्या अटॅकमध्ये शिकवायला गेलं तर कुत्रं माझ्या घाबरण्यालाच घाबरेल आणि तेच लक्षात ठेवेल.

वास येतो का त्यांना, असं सगळे विचारतात. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत २०२२ साली प्रयोग झाला, छत्तीस माणसांना ९००० पासून सतरा-सतरा वजा करत उलटं मोजायला लावलं, तोंडी, आणि आधीचा नि नंतरचा घाम-श्वास कापडावर घेऊन चार कुत्र्यांपुढे ठेवला. टेन्शनवाला नमुना ७२० पैकी ६७५ वेळा बरोबर ओळखला. मला ते सतरा वजा करणं वाचूनच घाम फुटला. पण शेंगाला मी वासावर सोडलेलं नाही, कारण तिला नेमका कोणता वास आला हे मला कसं कळणार, आणि जे मला दिसत नाही त्याचं बक्षीस मी वेळेवर देणार कशी. खाजवणं मला दिसतं.

दुसरं काम, ओझं. ओझं म्हटलं की मांडीवर पुढचे पाय, छाती, मग अख्खं अंग आडवं. सुरुवात पाटावर पाय ठेवण्यापासून, दोन सेकंद, पाच सेकंद, आता दहा मिनिटं पडून राहते. पॅनिक साधारण दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो, तेवढा वेळ सतरा किलो वजन मांडीवर असलं की निदान मांडी कुठे आहे ते कळतं, मी हे असंच सांगू शकते. आणि तिने जांभई दिली, ओठ चाटले, तोंड फिरवलं की तिला उतरू द्यायचं. तिलाही ताण येतोच की.

(नदीपात्र, संध्याकाळ. लांबून ढोलांचा आवाज.)

पुण्यात आवाजाची शाळा फुकट आहे. गणपतीच्या दोनेक महिने आधीपासून म्हात्रे पुलाच्या बाजूला पथकांची प्रॅक्टिस चालते. पहिल्या दिवशी आम्ही इतक्या लांब बसलो की ढोल नुसता पोटात जाणवत होता. शेंगा फुटाणे खातीये म्हणजे अंतर बरोबर, फुटाण्याकडे बघतच नाही म्हणजे आपण जास्त पुढे आलो, उठा, मागे चला. रोज थोडं पुढे, कधी दोन पावलं मागे. ताशाला मात्र अजून कान पाडते. मीही पाडते. विसर्जनाच्या दिवशी आम्ही दोघी घरातच असतो आणि त्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही.

तिसरं काम, बाहेर, ती मंडईत शिकली, दुपारी, गर्दी ओसरल्यावर, गाळेवाल्या मावशींना विचारून. १८८६ ची ती इमारत, मधला भाग अष्टकोनी, कुठल्याही बाजूने निघालं तरी बाहेर पडता येतं, म्हणून सुरुवातीला तिचं चुकायचं काही कारणच नव्हतं. बाहेर म्हटलं की तिने उजेडाकडे ओढत न्यायचं. पहिल्या चार वेळा तिने मला मटणवाल्याच्या दिशेने नेलं. मावशी म्हणाल्या, बरोबरंय तिचं, तिकडेच खरा बाहेरचा रस्ता.

परदेशात सर्व्हिस डॉगवाल्यांची एक संघटना किमान सहा महिन्यांत १२० तास ट्रेनिंग सांगायची, त्यातले ३० तास बाहेर, लोकांत. मी वहीत तास लिहिते. परवा दोनशे अकरा झाले, आणि अजूनही मांजर दिसलं की सगळं ट्रेनिंग पर्वतीवर जातं.

(स्वयंपाकघर. पुन्हा फ्रिजवरचा मोबाईल. या वेळी आई ओट्यापाशी.)

हे मागच्या आठवड्यातलं. मी घरात नाहीये. आई, जी पहिल्या दिवसापासून म्हणतीये की कुत्र्याला काय कळतंय, ती मेथी निवडतीये आणि हात खाजवतीये. बघा, शेंगा उठली. नाक. आई बघत नाही. परत नाक. आता पंजा.

अगं, डास चावलाय मला, हो बाजूला.

शेंगा हलत नाही. आई खाली बघते, इकडे तिकडे बघते, आणि डबा उघडते. हे चुकीचंय, पूर्ण चुकीचंय, तिने फक्त माझ्या खाजवण्यावर यायचं असतं, दुसऱ्या कुणी खाजवलं तर खाऊ द्यायचा नाही हे मी घरात दहा वेळा सांगितलंय. रात्री आईला विचारलं, काही दिलंस का शेंगाला?

नाही गं, मी कशाला देऊ.

पाच तुकडे दिलेत. मोजलेत मी.