रेंज फुल, तरी फोन लागेना

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढीला पंढरपुरात गेलेल्यांनी हे अनुभवलं असेल. मोबाइलवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतात, पण फोन काही लागत नाही. दांड्यांवरून एवढंच कळतं, की टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत नीट पोहोचतोय. टॉवरवर तुमच्यासाठी जागा उरली आहे का, हे त्या सांगत नाहीत.

जाहिरातीत मात्र बोलबाला असतो तो वेगाचाच. फाइव्ह-जी कसं असावं, याचे निकष आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २०१७ साली जाहीर केले. त्यात सर्वोच्च वेग आहे सेकंदाला २० गिगाबिट. पण त्याच कागदात, दाट वस्तीतल्या साध्या ग्राहकाला मिळायला हवा तो वेग आहे १०० मेगाबिट, म्हणजे दोनशेवा हिस्सा! यात फसवणूक नाही बरं का. एका टॉवरचे ग्राहक एकाच लहरी वाटून घेतात. माणसं वाढली की वाटा घटतो.

मला विचाराल तर त्या कागदातला खरा मोठा आकडा वेगळाच आहे: एका चौरस किलोमीटरमध्ये १० लाख उपकरणं. अर्थात हा आकडा थोडीथोडी माहिती पाठवणाऱ्या मीटर, सेन्सर अशा यंत्रांसाठी आहे. दहा लाख वारकऱ्यांनी एकदम व्हिडिओ कॉल लावावा, असा त्याचा अर्थ नव्हे.

मग जागा वाढवायची कशी? जास्त लहरी घ्यायच्या, टॉवर जवळजवळ उभारायचे, किंवा अँटेना हुशार करायचे. फाइव्ह-जीच्या एका पॅनेलमध्ये ६४ अँटेना असू शकतात. ते सिग्नल चौफेर न उधळता ज्याच्या त्याच्या दिशेनं सोडतात, त्यामुळे त्याच लहरी एकाच वेळी अनेकांच्या कामी येतात.

लहरींचंही एकसारखं नसतं. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात, पण त्यांत जागा थोडी. ३३०० मेगाहर्ट्झला जागा ऐसपैस, पण पल्ला कमी. २६ गिगाहर्ट्झला तर झाडाचा पालाही आडवा येतो. डोंगराळ भागात पहिली कामाची, पुण्यामुंबईच्या गर्दीत दुसरी.

तोवर गर्दीत अडकलात, तर पुन्हापुन्हा फोन लावत बसू नका. साधा एसएमएस करा. त्याला जागा अगदीच कमी लागते. मराठीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हं मावतात, काना-मात्रा धरून. ‘चंद्रभागेच्या घाटावर आहे, काळजी नको’ एवढं त्यात सहज बसतं.