भोवऱ्यांना खांब : लोहयुक्त अतिसंवाहकांची गोष्ट

(दृश्य : मांडवी. खनिजाने भरलेली बार्ज मुरगावकडे निघाली आहे.)

डिचोली-सांखळीचं लोहखनिज बार्जमधून मुरगाव बंदराकडे जातं. लोखंड म्हटलं की गोव्यात डोळ्यांपुढे हेच येतं. अतिसंवाहकांवर, म्हणजे खूप थंड केल्यावर वीज विनारोध नेणाऱ्या पदार्थांवर, काम करणाऱ्यांना मात्र लोखंड वर्षानुवर्षं नकोसं होतं. त्याचं चुंबकत्व इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फोडतं आणि जोड्या फुटल्या की वीज विनारोध वाहत नाही. २००८ साली जपानात हिदेओ होसोनो यांच्या गटाने लोखंड आणि आर्सेनिक असलेलं संयुग २६ केल्विनला, म्हणजे उणे २४७ अंश सेल्सिअसला, अतिसंवाहक होतं हे दाखवलं.

पण रोध शून्य झाला म्हणून हवी तेवढी वीज नेता येत नाही. चुंबकीय क्षेत्र अशा पदार्थात विजेच्या बारीक भोवऱ्यांच्या रूपाने शिरतं. १ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) इतक्या क्षेत्रात दोन भोवऱ्यांत साधारण ४५ नॅनोमीटर अंतर. प्रवाह वाढला की तो भोवऱ्यांना बाजूला ढकलतो. ते सरकले की ऊर्जा वाया जाते, रोध परत येतो.

(दृश्य : मालिमची जेटी, दोरखंडांनी बांधलेल्या होड्या.)

भरतीच्या ओढीत होडी जागेवर राहते ती खांबाला बांधलेली असते म्हणून. भोवऱ्याचा खांब म्हणजे स्फटिकातला दोष.

सोन्याचे किंवा शिशाचे वेगवान आयन (विद्युतभारित अणू) स्फटिकावर सोडले, की त्यांच्या वाटेवर अणूंची रचना मोडते आणि काही नॅनोमीटर जाडीचा स्तंभ उरतो. भोवऱ्याचा गाभा तसाही अतिसंवाहक नसतो. तो घडायला ऊर्जा लागते. आधीच मोडलेल्या जागी बसल्यास ती वाचते, म्हणून भोवरा तिथून हलत नाही. गाभ्याची आणि स्तंभाची जाडी जवळपास सारखीच निघावी, हे मला फार सुंदर वाटतं. २०१३ साली शिशाच्या आयनांचा मारा केलेल्या सॅमॅरियम धातू असलेल्या लोहयुक्त स्फटिकात ५ केल्विनला चौरस सेंटिमीटरमागे २ कोटी अँपिअरपर्यंत प्रवाह मोजला गेला.

प्रोटॉनच्या माऱ्याने विखुरलेले, छोटे दोष होतात. स्तंभ क्षेत्राच्या दिशेत असले तरच पुरते कामाला येतात. विखुरलेल्या दोषांना दिशेची तेवढी अट नसते. मारा अति झाला तर मात्र जोड्या फुटतात, संक्रमण तापमान (ज्याच्या खाली पदार्थ अतिसंवाहक होतो ते) उतरतं आणि प्रवाहक्षमताही.

हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या संलयन अणुभट्टीत अतिसंवाहक तारेच्या चुंबकांवर न्यूट्रॉन आपोआपच आदळणार आहेत. तिथे अशी तार वापरायची तर वाढलेली क्षमता किती माऱ्यानंतर घसरू लागते, हे तार गुंडाळण्याआधी मोजावं लागेल.