फुकट वापरणारा गिऱ्हाईक कधी होतो?

(पुण्यात छोट्या अ‍ॅपकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

या विषयावर बोलायला कुठेही उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, आपली माणसं अ‍ॅपला पैसे देतातच कुठे?" आज तो मी आधीच घेते. देतात. सदाशिव पेठेतला, नवी पेठेतला एमपीएससीचा विद्यार्थी घ्या, कारण आमचं सराव परीक्षांचं अ‍ॅप त्याच्यासाठीच आहे. तो क्लासची फी भरतो, अभ्यासिकेतल्या एका खुर्चीचं महिन्याचं भाडं भरतो, मेसला आगाऊ पैसे देतो, नोट्सचे गठ्ठे झेरॉक्स करून आणतो. घरून आलेल्या पैशात हे सगळं बसवतो. हा मुलगा चिकट नाही, जपून खर्च करणारा आहे. त्याच्यापुढे आपण फोनच्या पडद्यावर 'प्रीमियम घ्या' अशी सोनेरी पाटी धरतो आणि त्याने ती मिटली की म्हणतो, मराठी माणसाला सगळं फुकट हवं असतं. मला याचा खरंच राग येतो.

आणि पैसे द्यायची सोय नाही असंही आता राहिलेलं नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं, सप्टेंबरात जिओ आलं. भाजीवाल्या मावशींपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळे फोनवरून पैसे घेतात, देतात. म्हणजे पैसे द्यायची तयारी आहे, साधन खिशात आहे, तरी पाटी मिटली जाते. का?

आधी मला एक सांगा. 'सात दिवस मोफत' सुरू करून नंतर बंद करायला विसरलेले इथे किती जण आहेत? हात वर करा. बघा, अध्यक्षांचाही हात वर आहे! तेव्हा आता जी गोष्ट सांगणार आहे ती तुम्हाला परकी वाटणार नाही.

माझी आत्या वाईला असते. निवृत्त शिक्षिका, हिशेबाला पक्की, पासबुक भरून आणल्याशिवाय तिचा महिना संपत नाही. तिने भजनांचं एक अ‍ॅप घेतलं. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, तशी पुष्कळ आहेत. एका रुपयात आठवडाभर सगळी भजनं. एक रुपयाच तर आहे म्हणून तिने पिन टाकला. तो पिन एका रुपयासाठी नव्हताच. पुढे दर तीन महिन्यांनी काही शे रुपये आपोआप वळते करायची परवानगी त्याच पिनने दिली गेली होती आणि ती ओळ पडद्याच्या तळाशी, राखाडी अक्षरांत, इंग्रजीत होती. चष्मा लावूनही मला ती दुसऱ्यांदा बघितल्यावर सापडली.

पहिल्यांदा पैसे गेले तेव्हा तिला वाटलं, बँकेचं काहीतरी शुल्क असेल. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिने भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "अ‍ॅप काढून टाक." तिने काढून टाकलं. तिसऱ्यांदा पैसे गेले. इथे बसलेल्यांना माहीत आहे, अ‍ॅप फोनमधून काढलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. पण हे आत्याला कोणी सांगायचं?

गणपतीत मी वाईला गेले तेव्हा तिने फोन माझ्या हातात दिला. मी अ‍ॅप पुन्हा उतरवलं, सभासदत्वाच्या पानावर गेले. तिथे 'बंद करा' असं कुठे नव्हतंच. 'मदत' मध्ये गेले, तिथून एका प्रश्नावलीत, तिथून 'खरंच जाताय? निम्म्या दरात थांबा'. पुढे आणखी एक पान, त्यावर रडका चेहरा. शेवटी मी ते सगळं सोडलं, तिचं यूपीआयचं अ‍ॅप उघडलं, त्यात ऑटोपेच्या, म्हणजे पैसे आपोआप वळते करायच्या परवानग्यांच्या, यादीत गेले आणि तिथून परवानगी रद्द केली. अगदी थोडक्यात काम झालं. आत्या शेजारीच बसून बघत होती. ती मला म्हणाली, "अगं, मी रोज पहाटे ऐकायचे ती भजनं. वर्षाचे इतके द्या म्हणाले असते तर दिले असते की."

पैसे द्यायला तयार असलेलं, रोज न चुकता येणारं, वर्षाची वर्गणी आनंदाने भरेल असं गिऱ्हाईक होतं ते. त्यांनी ते स्वतःच्या हाताने घालवलं. आणि एकट्या स्वतःसाठी नाही घालवलं. आत्या आता कुठल्याच अ‍ॅपमध्ये पिन टाकत नाही. भाचीच्या अ‍ॅपमध्येही नाही. आपल्या धंद्यातल्या एकाने सापळा लावला की पुढची सगळी दारं आपल्या सगळ्यांच्या तोंडावर बंद होतात, हे मला आज मुख्यतः सांगायचं आहे.

नियम नाहीत असं नाही. यूपीआय ऑटोपे जुलै २०२०मध्ये आलं. रिझर्व्ह बँकेची आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांबाबतची चौकट १ ऑक्टोबर २०२१पासून पूर्णपणे लागू झाली. पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवावं लागतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी सांगितले. वर्गणीचा सापळा त्यात आहे, खोटी घाई आहे, नकार देणाऱ्याला लाजवणं आहे. तो रडका चेहरा म्हणजे हे शेवटचंच. आत्याला चोवीस तास आधी संदेश येतही असेल. पण बँकेच्या दहा इंग्रजी संदेशांत अकरावा कोण वाचतो? नियम पाळून झाला, माणसाला मात्र काही कळलं नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की बाहेर पडायचं दार आत यायच्या दाराशेजारीच ठेवा. पैसे भरायच्या पानावरच लिहा : 'कधीही बंद करता येईल, कसं ते इथे बघा.' काही जण मला सांगतात, अशाने लोक जातील. अहो, जाणारा जाणारच आहे. आत्याही गेलीच की, ती फक्त चिडून गेली. रागावून गेलेला परत येत नाही, सहज गेलेला पुढच्या परीक्षेला येतो.

आमच्या विद्यार्थ्यांचं बघा. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा १४ मार्च २०२१ला होती. ११ मार्चला पुढे ढकलली, मुलं रस्त्यावर उतरली आणि शेवटी ती २१ मार्चला झाली. २०२४मध्ये २५ ऑगस्टची परीक्षा पुढे गेली ती थेट १ डिसेंबरला झाली. आता विचार करा, तीन महिन्यांची वर्गणी भरलेल्या मुलाचं काय? त्याची मुदत संपली आणि परीक्षा अजून व्हायचीच आहे. तो महिने विकत घेत नसतो, तो परीक्षा विकत घेत असतो. म्हणून आमच्याकडे मुदत 'परीक्षा होईपर्यंत' अशी आहे. तारीख लोकसेवा आयोगाने बदलली तर मुदत आपोआप वाढते, विद्यार्थ्याला काही करावं लागत नाही. तो मेसवाल्याला जे विचारतो तेच आपल्यालाही विचारतो : "खाडे धरणार का?" गावी गेला, आजारी पडला, तितके दिवस पुढे मिळायला हवेत. गुगल प्लेवर वर्गणी काही काळ थांबवून ठेवायची सोय आहे, ती चालू करायची की नाही हे आपल्या हातात असतं. चालू करा. ज्या मेसमध्ये खाडे धरतात ती मेस मुलं सोडत नाहीत.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. पत्रिकेवर छापलेला विषय तर आत्ता कुठे सुरू होतोय! भरभर सांगते.

एक, पैसे कशाचे मागायचे. जे दुसरीकडे फुकट आहे त्याचे नाही. जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आयोगाच्या संकेतस्थळावरच आहेत. त्यांना कुलूप लावाल तर मुलगा तुम्हालाच हसेल. प्रश्न मोफत ठेवा. जे वापरता वापरता त्याचं स्वतःचं म्हणून साठत जातं, त्याच्या चुका, त्याचे कच्चे घटक, त्याच्यासाठी काढलेली उजळणी, त्याचे पैसे घ्या.

दोन, कधी मागायचे. अ‍ॅप उघडल्या उघडल्या तर मुळीच नाही. आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण जातात, चार चुकले की एका बरोबर उत्तराची कमाई गेली. मुलाने एक सराव पेपर पूर्ण सोडवला की आम्ही त्याला मोफत दाखवतो : अंदाजाने मारलेल्या उत्तरांनी तुझे इतके गुण खाल्ले. तो थांबून तो आकडा बघतो. पुढचं विश्लेषण पैसे देऊन आहे हे त्या ठिकाणी सांगायचं. तिथे पाटी नाही लागत, एक ओळ पुरते.

तीन, किती मागायचे. नेटफ्लिक्ससारख्या कंपनीला जुलै २०१९मध्ये भारतासाठी फक्त मोबाइलवरची १९९ रुपयांची योजना आणावी लागली आणि डिसेंबर २०२१मध्ये ती १४९वर आणावी लागली. पण स्वस्त करताना हिशेब करा. तुम्ही ९९ रुपये लावले, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असेल तर साधारण १५ रुपये तिथे गेले. उरलेल्या ८४मधले १५ टक्के, म्हणजे साडेबाराच्या आसपास, गुगल प्लेसारख्या अ‍ॅप स्टोअरचे. हातात सुमारे ७१. त्यातून सर्व्हर, प्रश्न काढणारे शिक्षक, फोनवर उत्तरं देणारी मुलगी. एकोणपन्नास रुपयांत हे बसत नाही, आणि बसत नसेल तर विद्यार्थ्याला तसं सांगायला लाजू नका.

चार, किती जण देतील. इथे मनाची तयारी हवी. भाषा शिकवणारं ड्युओलिंगो हे अ‍ॅप २०१२पासून चालू आहे. २०२४च्या अखेरीस दरमहा वापरणारे ११ कोटींहून जास्त आणि पैसे भरणारे सुमारे ९५ लाख. दहात एकसुद्धा नाही. एवढं नाव, एवढी माणसं कामाला, तरी. तेव्हा तुमच्याकडे शंभरात चार जण देत असतील तर उरलेल्या शहाण्णवांवर चिडू नका. त्यांच्यातलाच कोणीतरी अभ्यासिकेत शेजारच्याला तुमचं अ‍ॅप दाखवतो. आमच्याकडे पैसे भरणाऱ्यांना विचारलं, कुठून कळलं, तर बहुतेक जण 'रूममेटकडून' म्हणतात आणि तो रूममेट फुकटच वापरत असतो.

पाच, हे मी घाईत सांगतेय पण उद्या सकाळी करण्याजोगं आहे. वर्गणी पुन्हा कापली जाण्याच्या तीन दिवस आधी स्वतःचा संदेश पाठवा, बँकेच्या भरवशावर राहू नका. मराठीत. रक्कम, तारीख आणि बंद करायची लिंक, तिन्ही पहिल्या दोन ओळींत. आम्ही पाठवतो. तो वाचून काही जण बंद करतात, काही जण उलट फोन करून पुढच्या परीक्षेचं विचारतात.

अध्यक्ष उठलेत. प्रश्न घेऊ या, निळ्या शर्टातल्या दादांचा हात मघापासून वर आहे.