प्रोग्रामिंगमधून प्रॉडक्ट मॅनेजमेंटकडे वळण्यापूर्वी

नमस्कार. ऐरोली, महापे, घणसोली किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये काही वर्षे कोड लिहिल्यावर ज्यांना प्रॉडक्ट मॅनेजर व्हावेसे वाटू लागले आहे, त्यांच्याशी आज बोलायचे आहे.

दोन्ही कामांतला फरक आपल्या रोजच्या लोकल प्रवासात दिसतो. ठाणे स्थानकाच्या फलाटावर उभे राहून रेल्वेच्या यूटीएस या तिकिटांच्या ॲपवर कागदविरहित तिकीट काढू पाहणाऱ्याला ॲप जीपीएसवरून जागा ओळखून नकार देत असे. तिकीट स्थानकाबाहेरून काढावे लागे किंवा स्थानकात लावलेला क्यूआर कोड स्कॅन करावा लागे. प्रोग्रामर म्हणून आपण लगेच जीपीएस किती अचूक आहे, सिग्नल मिळाला नाही तर काय करायचे, याचा विचार करू लागतो. प्रॉडक्ट मॅनेजर त्याआधी विचारतो, की ही अट मुळात हवी कशाला? गाडीत तिकीट तपासनीस दिसल्यावर मोबाइलवर तिकीट काढता येऊ लागले, तर आधी तिकीट कोण काढील? मात्र त्याच अटीमुळे धावतपळत आलेला प्रामाणिक प्रवासीही अडत असे. रेल्वेचा तोटा आणि प्रवाशाची गैरसोय यांपैकी काय आणि किती सोसायचे, हे ठरवून त्याची कारणे सर्वांना पटवून देणे, हे त्याचे खरे काम आहे. पटवून देणे म्हणण्याचे कारण असे, की बहुतेक कंपन्यांत डेव्हलपर त्याच्या हाताखाली नसतात.

या भूमिकेचे मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबण बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीतील नील मॅकेलरॉय यांनी एका टिपणात अशी माणसे मागितली होती, जी एकाच ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेतील आणि विक्री जिथे कमी असेल तिथे स्वतः जाऊन कारण शोधतील.

‘स्वतः जाऊन’ हीच आपल्याकडची खरी अडचण आहे. नवी मुंबईतल्या अनेक कंपन्या परदेशी ग्राहकांसाठी काम करतात. काय बनवायचे ते तिकडे ठरते आणि आपल्यापर्यंत केवळ ‘जिरा’ या कामे नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरमधले तिकीट, म्हणजे नेमून दिलेल्या कामाची नोंद, पोहोचते. त्यामुळे दहा वर्षांच्या अनुभवातही प्रत्यक्ष वापरकर्त्याशी एकदाही बोलणे झालेले नसते. म्हणून नोकरी बदलण्याआधी सपोर्ट टीमच्या कॉलमध्ये शांतपणे ऐकत बसण्याची परवानगी मागा, तक्रारी मुळातून वाचा, आणि पुढचे फीचर हाती घेताना ते कोणासाठी आहे आणि त्याचा उपयोग झाला हे कशावरून कळेल, याचे एक पानभर टिपण लिहून वरिष्ठांना दाखवा. माझ्या मते अशी चार टिपणे कोणत्याही महागड्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलतात. शक्य असेल तर पहिला बदल आहे त्याच कंपनीत करावा, कारण तिथले प्रॉडक्ट तुम्हाला आतून ठाऊक असते.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. कोडची टेस्ट पास झाल्यावर मिळणारे त्या दिवसापुरते समाधान या कामात नाही. निर्णय बरोबर होता की नाही, हे कळायला महिने जातात, आणि तोवर अनेकांना ‘नाही’ म्हणावे लागते.

मुलाखतीला गेलात, तर गेल्या वर्षभरात कोणती मोठी मागणी नाकारली आणि ती कोणी नाकारली, हे जरूर विचारा. एकही नाकारली नसेल, तर पदाचे नाव काहीही असले तरी तिथे तुम्हाला बहुधा दुसऱ्यांनी ठरवलेल्या तारखाच सांभाळाव्या लागतील.