उभं राहताना

नमस्कार श्रोतेहो. ऐकता ऐकता एक करा. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटं अलगद टेकवा. नाडी लागली? आता सावकाश श्वास घ्या… आणि तितक्याच सावकाश सोडा. श्वास आत घेताना ठोके जरा लगबगीने पडतात, सोडताना रेंगाळतात. तरुणांना हे ठळक जाणवेल. वयाबरोबर ते पुसट होत जातं. यात बिघाड काही नाही. मेंदूतून हृदयाकडे जाणारी एक नस कामावर आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तिचं नाव व्हेगस, आणि तिचं काम लगाम धरण्याचं. हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडलं तर ते मिनिटाला 100च्या आसपास ठोके देतं. व्हेगस त्याला आवरून 70च्या घरात आणते. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात. म्हणून माणूस निवांत बसलेला असला, तरी ते 90 ते 110च्या गतीने चालत राहतं.

आता, जमत असेल तर, नाडी न सोडता उभे राहा. ठोके वाढले ना? तुम्ही उठलात तसं अर्धा लिटरभर किंवा त्याहून थोडं जास्तच रक्त पोटात आणि पायांत उतरलं. हृदयाकडे परतणारं रक्त घटलं, रक्तदाब घसरू लागला. मानेत, जबड्याच्या खाली, मेंदूकडे जाणारी धमनी दुभागते. तिथे तिच्या भिंतीत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. दाब नीट असला की ती लंबमज्जेला, म्हणजे मेंदूच्या अगदी खालच्या टोकाला, सतत संदेश पाठवतात. दाब घसरला की ती ओरडत नाहीत, उलट गप्प होऊ लागतात, आणि ती शांतताच धोक्याची खूण ठरते. लंबमज्जा व्हेगसचा लगाम सैल सोडते, व्हेगसच्या उलट, शरीराला सज्ज करणाऱ्या अनुकंपी नसांना कामाला लावते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. काही सेकंदांत सगळं ठाकठीक! उशीर झाला, तर डोळ्यांपुढे अंधारी. वय झालेल्यांनी आणि रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावं, ते यासाठीच.

आतला तोल राखण्याच्या या सगळ्या धडपडीला पुस्तकात ‘समस्थिती’ म्हणतात. मला हा शब्द थोडा फसवा वाटतो. ऐकून वाटतं, आत सगळं निवांत पडून आहे. मूळ इंग्रजी शब्द, होमिओस्टॅसिस, वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञांनी 1926 मध्ये घडवला. त्यांनी मांजरांच्या अनुकंपी नसांच्या साखळ्या शस्त्रक्रियेने काढून टाकल्या. प्रयोगशाळेच्या उबेत ती मांजरं मजेत जगली. बघणाऱ्याला वाटावं, या नसांची गरजच काय? पण थंडीत ठेवल्यावर ना त्यांचे केस उभे राहिले, ना त्यांना अंगातली ऊब नीट राखता आली.

तापाचं गणित तर आणखी गमतीचं. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक एरवी शरीराचं तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास राखतो. जंतुसंसर्ग झाला की तोच आपला आकडा वाढवतो, समजा 39 केला. म्हणजे 37 वर असलेलं शरीर त्याच्या हिशेबाने गार पडलेलं! मग त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार लागतात, हुडहुडी भरते. अंग तापत चाललेलं असतं आणि माणूस मात्र आणखी एक पांघरूण मागत असतो. पुढे कधीतरी अधश्चेतक आकडा पुन्हा खाली आणतो. आता तेच 39 त्याला जास्त वाटतात. त्वचा लाल होते, दरदरून घाम फुटतो, अंगावरची पांघरुणं लाथाडली जातात. थर्मामीटर लावून पाहा: त्या घटकेला पारा अजून 39 वरच असेल, आतला हुकूम मात्र केव्हाच बदललेला असतो.

नमस्कार.