ब्रेक मोठे केले, स्टेपनीचं काय?

नमस्कार मंडळी.

गाडीला मोठ्या डिस्क आणि चार किंवा सहा पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबून धरणारे चिमटे) बसवून घेणारे लोक पुष्कळ चौकशी करतात. पॅड कुठले घ्यायचे, ब्रेक ऑइल कुठलं, पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ कसा राहील, रोजची चाकं त्यावर बसतील का. डिकीतल्या पाचव्या चाकाबद्दल मात्र फार थोडे विचारतात. ते चाक कंपनीने जुन्या ब्रेकच्या मापाने दिलेलं असतं. ब्रेक बदलले त्याच दिवशी ते निकामी झालेलं असू शकतं, आणि ही गोष्ट कळते ती पंक्चर झाल्यावर, रस्त्याच्या कडेला, गाडी जॅकवर चढवून झाल्यावर. अशा वेळी हातात पाना असूनही काही करता येत नाही. म्हणून आज मी एकाच गोष्टीचा आग्रह धरणार आहे: ब्रेकच्या कामात स्टेपनी धरायची, आणि ती नव्या कॅलिपरवर प्रत्यक्ष चढवून पाहिल्याशिवाय ते काम पुरं झालं असं मानायचं नाही.

आधी अडतं कुठे ते पाहू. मूळची डिस्क २८० मिलिमीटरची होती आणि नवी ३३० ची आली, तर डिस्कची कड हबपासून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागापासून, २५ मिलिमीटर बाहेर सरकते. कॅलिपर डिस्कच्या कडेवरून वळसा घेऊन बसतो, त्यामुळे त्याची पाठ आणखी बाहेर येते. मोठ्या कॅलिपरमध्ये साधारण २५ ते ३० मिलिमीटर धरा. म्हणजे हबच्या मध्यापासून १६५ अधिक २५-३०, असं १९० ते १९५ मिलिमीटरपर्यंत धातू आला. व्यासात बोलायचं तर ३८० ते ३९०.

आता पंधरा इंची रिम म्हणजे ३८१ मिलिमीटर. पण हा आकडा टायरची कड रिमवर जिथे टेकते तिथला आहे. आतली मोकळी जागा त्याहून कमी असते. रिमच्या पत्र्याची जाडी वजा करा, आणि टायर चढवताना त्याची कड सरकवता यावी म्हणून रिमला जी खोलगट घळ दिलेली असते, तीही वजा करा. ही घळ आतून पाहिली तर कॅलिपरच्या दिशेने आलेली दिसते. त्यामुळे पंधरा इंची बाद. सोळा इंची, म्हणजे ४०६ मिलिमीटरची रिम कागदावर बसेल असं वाटतं, पण घळीमुळे बहुतेक वेळा तीही अडते. म्हणूनच ३३० च्या आसपासच्या डिस्कला साधारणपणे सतरा इंची आणि ३५५ च्या डिस्कला अठरा इंची चाक लागतं. कंपनीच्या तात्पुरत्या स्टेपनीची रिम जेमतेम चार इंच रुंद असते. इतक्या अरुंद रिममध्ये घळ बाजूला ठेवायला जागाच नसते. ती बऱ्याचदा नेमकी कॅलिपरच्या डोक्यावर येते. रोजची सतरा इंची चाकं बसली म्हणून सतरा इंची स्टेपनी बसेलच, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

दुसरी अडचण चाकाच्या तोंडाकडची. कंपनीचे साधे कॅलिपर सरकते असतात. त्यांचा पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो आणि चाकाच्या बाजूला पातळ पंजा असतो. नवे कॅलिपर बहुधा स्थिर प्रकारचे, दोन्ही बाजूंना पिस्टन असलेले. म्हणजे जाडी बाहेरच्या बाजूलाही वाढली, आणि ती चाकाच्या आऱ्यांना किंवा स्टेपनीच्या लोखंडी तबकडीला भिडते. इथे लोक ऑफसेटचा आकडा विचारतात. ऑफसेट म्हणजे हबवर टेकणारी पाठ रिमच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर आहे ते. चाक किती आत किंवा बाहेर येईल, हे त्यावरून कळतं. तबकडी हबपासून रिमपर्यंत जाताना किती फुगली आहे, हे त्यावरून कळत नाही. सारख्याच ऑफसेटची दोन चाकं असतात, त्यातलं एक बसतं आणि दुसरं घासतं.

मग विकत घेण्याआधी कळणार कसं? ब्रेकचे संच बनवणारे चांगले उत्पादक कॅलिपरच्या आकाराचा कागदी नकाशा देतात. तो खऱ्या मापात छापायचा. छापताना संगणकाने तो लहान-मोठा केलेला नाही ना, हे पट्टीने तपासायचं, कारण इथे दोन-तीन मिलिमीटरवर सगळं अवलंबून आहे. तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचा, स्टेपनी पालथी घालायची, पुठ्ठ्याची हबची रेघ चाकाच्या टेकणाऱ्या पाठीशी जुळवायची आणि पुठ्ठा आत गोल फिरवून बघायचा. सगळीकडे किमान ३ मिलिमीटर फट हवी. वळणावर चाक किंचित लवतं, ब्रेक तापल्यावर कॅलिपर किंचित फुगतो. शिवाय रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं असतील तर त्यांची जाडीही त्याच फटीतून जाते.

पुठ्ठ्याची परीक्षा जुनं चाक निवडायला पुरेशी आहे, खात्रीला पुरेशी नाही. खात्री म्हणजे गाडी सपाट जागी उभी करून, जॅकच्या जोडीला स्टँड लावून, स्टेपनी पुढच्या हबवर चढवायची आणि सगळे नट नीट आवळायचे. नुसतं टेकवून पाहू नका. नट आवळल्यावर चाक शेवटचे एक-दोन मिलिमीटर आत जातं आणि घासायला तिथेच लागतं. मग चाक हाताने पूर्ण फिरवा, सावकाश, कान देऊन. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून पुन्हा फिरवा. फट डोळ्यांनी दिसत नसेल तर कॅलिपरच्या पाठीवर मुलांच्या खेळातल्या मऊ मातीची पातळ गोळी चिकटवा, चाक चढवून फिरवा, काढा आणि उरलेली जाडी मोजा. दोन्ही पुढच्या चाकांवर हे करा.

आता शोध कुठे घ्यायचा? माझा सल्ला असा की पहिली चौकशी तुमच्याच कंपनीच्या अधिक ताकदवान गाडीची करा. ज्या गाडीला कारखान्यातूनच मोठे ब्रेक मिळतात, तिची स्टेपनी त्या ब्रेकवर बसेल अशीच आखलेली असते. पण आंधळेपणाने घेऊ नका. सुबारू इम्प्रेझाच्या डब्ल्यूआरएक्स एसटीआयचं उदाहरण घ्या. तिच्या नटांच्या वर्तुळाचं माप २००५ च्या मॉडेलला ५ × १०० (पाच नट, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर) वरून ५ × ११४.३ झालं. गाडी तीच, नाव तेच, पण एका वर्षाची स्टेपनी दुसऱ्या वर्षाच्या हबवर चढतच नाही. मधल्या भोकाचंही तसंच. भोक हबपेक्षा मोठं असेल तर कडं घालून चाक मध्यावर आणता येतं; लहान असेल तर ते चाक तुमचं नाही. नटाची बैठक शंकूची आहे की गोल, तेही बघा, कारण चुकीच्या बैठकीवर नट आवळल्यासारखा वाटतो आणि चालताना सुटतो. ज्या गाड्यांना नटाऐवजी बोल्ट असतात त्यांना आणखी एक काळजी आहे. अलॉय चाकाचे लांब बोल्ट पातळ लोखंडी स्टेपनीला लावले तर टोकं हबच्या पलीकडे निघून आतल्या भागांना लागू शकतात. अशांनी आखूड बोल्टांचा वेगळा संच स्टेपनीसोबतच बांधून ठेवावा.

रिम मिळाली की टायरचा बाहेरचा व्यास. इथे हिशेब कामाला येतो आणि तो सोपा आहे: रुंदीला उंचीच्या टक्क्यांनी गुणा, दुप्पट करा, रिमचा व्यास मिळवा. तुमचे रोजचे टायर २२५/४५ आर १७ (रुंदी २२५ मिलिमीटर, उंची तिच्या ४५ टक्के, रिम १७ इंच) असतील तर व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर. तात्पुरत्या स्टेपनीचं टी १२५/८० आर १७ हे माप सुमारे ६३२ भरतं. टी १२५/७० आर १८ घेतला तरी ६३२ च. हे मला फार महत्त्वाचं वाटतं: रिम एका इंचाने मोठी करूनही बाहेरचा व्यास तोच ठेवता येतो, आणि कॅलिपरला आत जास्त जागा मिळते. उलट टी १२५/७० डी १५ जेमतेम ५५६ मिलिमीटरचा. त्याला शेजारच्या चाकाबरोबर राहायला जवळजवळ १४ टक्के जास्त फेरे घ्यावे लागतील. ते इंजिनची ताकद मिळणाऱ्या धुरीवर असेल तर डिफरन्शियलमधले, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेतले, लहान गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात. साध्या डिफरन्शियलला थोड्या अंतरापुरतं ते सोसतं. लिमिटेड स्लिप, म्हणजे दोन चाकांच्या वेगातला फरक रोखणारं डिफरन्शियल, असेल तर आतल्या प्लेट तापतात आणि झिजतात. चारही चाकं चालणाऱ्या गाडीत हा त्रास पुढची-मागची धुरी जोडणाऱ्या मधल्या कपलिंगलाही पोहोचतो. म्हणूनच सुबारूच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत बॉनेटखाली फ्यूजची एक रिकामी जागा ठेवलेली असे. छोटी स्टेपनी मागे लावायची आणि त्या जागी फ्यूज घालायचा, की मागच्या चाकांची ताकद बंद होते.

मोठ्या ब्रेकवर बसणारी स्टेपनी मिळालीच नाही तर? ब्रेक फक्त पुढचे बदलले असतील तर एक वाट आहे आणि ती चांगली आहे. पुढचं चाक पंक्चर झालं की मागचं चांगलं चाक काढून पुढे लावायचं, आणि छोटी स्टेपनी मागे, मूळच्या ब्रेकवर. दोनदा जॅक लावावा लागतो, वेळ दुप्पट जातो, पण पुढे पूर्ण मापाचा टायर राहतो आणि पुढची चाकं चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियलही वाचतं. मागची चाकं चालणाऱ्या, लिमिटेड स्लिपच्या गाडीत मात्र ही वाट डिफरन्शियलच्या मुळावर येते. तिथे बाहेरचा व्यास जुळलेला असलाच पाहिजे. पुढे-मागे वेगवेगळ्या मापाची चाकं लावली असतील तर मागचं चाक पुढच्या कॅलिपरवर बसतं का, हेही घरीच बघून ठेवा.

दोन गोष्टी मात्र करू नका. स्टेपनी घासते म्हणून हबवर सुटा स्पेसर, म्हणजे जाड चकती, घालून ती बाहेर ढकलणारे लोक आहेत. स्टडचे (नट ज्यांवर आवळतात त्या दांड्यांचे) आटे तेवढेच राहतात आणि नट कमी आट्यांवर टिकतो. नट किमान स्टडच्या जाडीइतका आत गेला पाहिजे. १२ मिलिमीटरच्या स्टडला १२ मिलिमीटर. शिवाय स्पेसर जाड असेल तर चाक हबच्या कडेवर टेकतच नाही, आणि ते मध्यावर धरायचं काम नटांवरच येतं. दुसरी गोष्ट म्हणजे कॅलिपर किंवा रिम कानशीने घासून जागा करणं. कॅलिपरचा ताठपणा त्याच पाठीत असतो. ब्रेक दाबल्यावर तो उघडू पाहतो आणि ती पाठ त्याला धरून ठेवते. तिथला धातू काढायचा नसतो.

पूर्ण मापाचं पाचवं चाक घेणं हा सगळ्यात निश्चिंत मार्ग आहे, डिकीतली खोबण परवानगी देत असेल तर. छोटी स्टेपनी वापरणाऱ्यांनीही हे मोजून ठेवावं, कारण पंक्चर झालेलं रुंद चाक परत कुठेतरी ठेवावं लागतंच. टायरमध्ये भरायच्या रसायनावर मी विसंबत नाही. ते खिळ्याच्या छोट्या भोकाला चालतं, बाजूच्या भिंतीला चीर गेली तर चालत नाही. आणि मोठ्या ब्रेकसाठी मोठी रिम व बुटका टायर घेतला की खड्ड्यात नेमकी तीच भिंत जाते.

जुनी स्टेपनी घेताना टायरवरचे शेवटचे चार अंक वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं, आणि दहा वर्षांनंतर स्टेपनीसुद्धा बदला असं मोठे टायर उत्पादकच सांगतात. छोट्या तात्पुरत्या स्टेपनीला हवा ६० पीएसआय लागते, म्हणजे रोजच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. महिन्याच्या हवेच्या तपासणीत तिला धरा. तिच्यावर वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर. तुमचे ब्रेक कितीही ताकदीचे असले तरी त्या अरुंद टायरची पकड ठरलेली आहे, त्यामुळे अंतर जास्त ठेवा.

मघाशी एका ताईंनी विचारलं की मागचेही ब्रेक मोठे केले असतील तर काय करायचं. मग अदलाबदलीची वाट बंद होते आणि स्टेपनी चारही कोपऱ्यांवर चढवून बघावी लागते. मागे बघताना हँडब्रेक सोडून चाक फिरवा, मग ओढून पुन्हा कॅलिपरभोवतीची फट बघा, कारण काही कॅलिपरवर हँडब्रेकची तार आणि तिचा दांडा हलतो. आणि नव्या चाकांना खास खाचांचे नट असतील तर त्यांची किल्ली स्टेपनीच्याच खोबणीत ठेवा, आणि ते नट स्टेपनीच्या भोकांत जातात का, तेही त्याच वेळी बघून घ्या.